पहारेकरी उठतो तेव्हा

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तू म्हणाली असतीस, "नाटकं पुरे, मुद्द्याचं बोल." दोन वर्षांनी तुझा मेल आला आणि त्यात भांडणाची एक ओळ नाही, हे बघून मी तो तीनदा वाचला. तू चिडलीस की काय करायचं ते मला माहीत आहे. तू चिडली नाहीस की मी गडबडतो.

फोन करू नकोस, लिही, असं तू बजावलंयस, कारण फोनवर मी गोड बोलून वेळ मारून नेतो. कबूल. दोन वर्षांपूर्वी तू सासरहून फोन केलास तेव्हाही मी "ताई, थोडं जुळवून घे" म्हणून मोकळा झालो होतो. पुढच्या तीन महिन्यांत तू ते घर सोडून आईकडे आलीस, कोर्टाची सगळी धावपळ एकटीने केलीस आणि मला अवाक्षर कळवलं नाहीस. मला आईकडून कळत होतं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. लिहायला बसलो तर पुन्हा गोडच लिहीन.

तर कामाचं. सहा वर्षांच्या खंडानंतर तुला गेम ॲनिमेशनमध्ये परत यायचंय, त्यासाठी पोर्टफोलिओची साइट आणि निवडक कामाची शोरील बनवायचीय, आणि "तू आता त्यातला झालास, तेव्हा सांग." अगं, मला चेंडूची उसळी शिकवली तू, ओट्यावर लिंबू टाकून. आणि आता मी तुला शिकवणार. आईने ऐकलं तर हसून हसून खाली बसेल.

रील एक मिनिटाची कर. बघणारा पहिल्या पाच सेकंदांत मनाशी काय ते ठरवतो आणि उरलेले पंचावन्न सेकंद चहा पितो. म्हणून सगळ्यात चांगलं काम सगळ्यात आधी. चांगलं ते शेवटी राखून ठेवायची आपल्या घरची सवय इथे उपयोगाची नाही. संगीतावर वेळ घालवू नकोस, आवाज बंद करूनच बघतात. गेमसाठी चालणं, धावणं, थबकणं, वळणं, मार खाणं असे तुकडे हवेत. काही ठिकाणी कॅमेरा पात्राच्या पाठीमागे ठेव, कारण खेळणारा बहुतेक वेळ त्याची पाठच बघत असतो. आणि साइटवर प्रत्येक शॉटखाली लिही, त्यात तुझं काय आणि दुसऱ्याचं काय. हालचाल माझी, पात्र अमक्याचं, आतला सांगाडा तमक्याचा. यात कुचराई करू नकोस. या धंद्यात माणसाची पत त्या एका ओळीवर असते.

माझी साइट बघायला मागितलीस. ती सध्या बंद आहे, दुरुस्ती चाललीय. आज सकाळपासूनच बंद आहे.

क्लिप्स जमल्या की पाठव.

लोळ्या
(हे नाव अजून चालतं ना? इथे मला कोणी या नावाने हाक मारत नाही.)


१४ फेब्रुवारी

ताई,

रील मिळाली. बादली घेऊन जिना चढणारी म्हातारी मी दहा वेळा बघितली. पाण्याचं वजन तिच्या हातात नाही, कमरेत दिसतं. हे कधी केलंस? आई म्हणते, दवाखान्यात रांगेचे नंबर द्यायचं काम धरलंयस आणि दुपारी दोनला घरी आलीस की ताटावरून उठून थेट कॉम्प्युटरपुढे. त्या दुपारींतली असणार ही.

कुत्र्याचे मागचे पाय दोन जागी जमिनीवर घसरतात. पावलं पक्की रोव. मुलीची उडी सुंदर आहे, पण सिनेमातली आहे. उडायच्या आधी ती गुडघे वाकवून केवढी तयारी करते! खेळणाऱ्याने बटण दाबलं की ती हवेत दिसली पाहिजे, नाहीतर तो शिव्या घालतो. तयारी छाट, उतरतानाचं वजन राहू दे.

आता सुरुवातीचा शॉट. पहारेकरी जमिनीवरून उठतो, तो. ताई, तो काढून टाक.

तो जुना झालाय. चिलखताची घडण जुन्या पद्धतीची आहे. चार सेकंद म्हणजे फार लांब. शिवाय हल्ली स्टुडिओंना पडण्याचे शॉट हवे असतात, उठण्याला तशी मागणी नाही. म्हातारी पहिली ठेव. माझं ऐक.

लोळ्या


१४ फेब्रुवारी, दुपार
(हे पाठवणार नाही.)

उठण्याला मागणी नाही! काय लिहून बसलो मी हे? तू वाचून कपाळाला हात लावला असशील.

ताई, तुझा पहारेकरी माझ्या रीलमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी कामासाठी वणवण करत होतो. चौदा ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. माझं चालणं बरं, धावणं बरं, सगळंच बरं. बऱ्याला कोण विचारतो? सुरुवातीला ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. तू लग्नानंतर काम सोडलेलं, तुझी हार्ड डिस्क आईच्या कपाटात पडलेली. म्हटलं, पडूनच तर आहे. पहारेकरी उचलला, सगळ्यात आधी लावला आणि खाली लिहिलं, "हालचाल: माझी." बाराव्या दिवशी नोकरी लागली. तू रील मागितलीस तेव्हा सांगितलं की कंपनीची परवानगी नाही. तू विश्वास ठेवलास.

मनाची समजूत घालायला एक कारणही होतं. उठलो तर मीच होतो. मी सोळा वर्षांचा. तू हॉलमधलं टेबल भिंतीला लावलंस, माझ्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधलीस, मोबाइल स्टुलावर टेकवलास आणि म्हणालीस, "पड आणि ऊठ." चाळीस वेळा. गुडघे सोलवटले. "ताकद दाखवू नकोस रे. तुला उठायचं नाहीये, पण उठावं लागतंय, असं ऊठ." तो पहारेकरी उठतो तो माझ्यासारखा, डावा तळवा गुडघ्यावर आणि मान सगळ्यात शेवटी वर. मग तो थोडा तरी माझा नाही का?

नाही. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, आज पुन्हा बघितला. एक धांदरट पोरगा धडपडत उठतो, बस. त्यावर तू पाच आठवडे बसलीस. तो अर्धा उठल्यावर क्षणभर थांबतो ना, कोणीतरी "राहू दे, पड तिथेच" म्हणेल याची वाट बघितल्यासारखा, ते व्हिडिओत कुठेच नाही. ते तू घातलंस. आणि सगळा शॉट तेवढ्यावर उभा आहे, हे मला माहीत आहे, कारण मी तसं करायचा प्रयत्न तीन वर्षं करतोय.


२३ फेब्रुवारी

ताई,

"तो शॉट काढला तर लग्नाआधीचं काहीच राहत नाही, माझ्याकडे फक्त सहा वर्षांची रिकामी जागा उरते. तो पहिलाच राहील." ठीक आहे बाई, राहू दे. तुझ्यापुढे आजवर कोणाची डाळ शिजलीय?

पण आमच्याकडे पाठवू नकोस. जाहिरात आलीय हे खरं, पण ती दाखवायला. मास्तरांनी माणूस आधीच हेरून ठेवलाय. मास्तर म्हणजे आमचे ॲनिमेशनचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत. शिवाय भाऊ-बहीण एकाच ठिकाणी म्हटलं की लोक नावं ठेवतात. दुसरीकडे पाठव, चार पत्ते खाली दिले आहेत.

आईचा फोन होता. म्हणाली, "तिला विचारलं, हे कुठवर चालायचं? तर म्हणते, या वर्षी नाही जमलं तर डिस्क फेकून देईन आणि दवाखान्यातच कायमची होईन." असं काही करू नकोस. चौतीस म्हणजे काही वय नाही.

लोळ्या


११ मार्च

ताई,

तू पुढे पाठवलेला आमच्या ऑफिसचा मेल वाचला. तू इथे अर्ज केलास हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी नको म्हणालो होतो.

भाषा कडक आहे, मान्य. "आपल्या रीलमधील पहिला शॉट आमच्या एका कर्मचाऱ्याचा असून यापुढे आपल्या अर्जाचा विचार होणार नाही." असे गैरसमज होतात. रोज ढिगाने रील येतात, त्यात एखाद्याची गल्लत होते.

तू विचारलंयस, कोण आहे तो कर्मचारी, तू तिथे आहेस, शोधून काढ. काढतो. मी चौकशी करतो, नाव कळलं की कळवतो. तोवर तू ऑफिसला काही लिहू नकोस.

लोळ्या


१३ मार्च

ताई,

चौकशी झाली. तो मी आहे.

सोबत १४ फेब्रुवारीला लिहून न पाठवलेलं पत्र जोडलंय, ते आधी वाच. त्यात मी काय केलं ते आहे. गेल्या शुक्रवारी काय केलं ते या पत्रात सांगतो, आणि ते जास्त वाईट आहे.

दर शुक्रवारी जेवण झालं की मास्तर आठवड्यात आलेल्या रील मोठ्या पडद्यावर लावतात. आम्ही नऊ जण खुर्च्या ओढून बसतो. तुझी चौथी होती. वर सासरचं आडनाव, त्यामुळे कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण तोवर पहारेकरी पडलेला होता आणि उठायला लागला होता.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपल्या याचा!" मास्तरांनी पुन्हा लावला. मग म्हणाले, "चोरी करावी, पण ज्याच्या घरी केली त्याच्याच दारात माल विकायला आणू नये." सगळे खो खो हसले. ताई, मीही हसलो. बळेच नाही, चांगला मोठ्याने हसलो.

पात्रांच्या आत हाडांचे सांगाडे बसवणारी आमची एक सहकारी आहे, तिला आम्ही हाडवैद्य म्हणतो. ती एकटी हसली नाही. म्हणाली, "थांबा, पुढची म्हातारी बघा. मला तर दोन्ही एकाच हातची वाटतात." तेव्हा मी बोलायला हवं होतं. दार आयतंच उघडलं होतं तिने.

मास्तर म्हणाले, "अगं, हात कसला बघतेस, हा खुर्चीतून उठतो कसा ते बघ एकदा. ऊठ रे."

आणि मी उठलो. डावा तळवा गुडघ्यावर, मान शेवटी. मी मुद्दाम केलं नाही, मी तसाच उठतो. पण वेगळं उठता आलं असतं, तेही केलं नाही. टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाले, "पटली खात्री?" पडद्यावर तुझी म्हातारी अजून जिना चढत होती, तिला त्यांनी मधेच बंद केलं. "या बाईचं नाव ओळखीच्या दोन-तीन स्टुडिओंना कळवून ठेवतो," असंही म्हणाले. ते अजून कळवलेलं नाही, मी आज विचारून घेतलं. सोमवारी कळवणार आहेत.

म्हणजे असं बघ. तू केलेल्या कामावर मी तीन वर्षं पोट भरलं, आणि त्याच कामासाठी तुला चोर ठरवलं जाताना तिथे उभं राहून टाळ्या घेतल्या. तू मला लिहिलंस, "तू तिथे आहेस म्हणून बरं." ते वाक्य वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो होतो.

उद्या सकाळी मास्तरांना सांगणार आहे. तुला आज सांगितलं, कारण आधी त्यांना सांगून मग "बघ ताई, मी कबूल केलं" असं म्हणत आलो असतो तर तू माफ केलं असतंस. आज माझ्या हातात दाखवायला काही नाही. आत्ता चिड. पोटभर चिड.

मला भीती वाटतेय. नोकरीचीही वाटते, खोटं कशाला बोलू. पण सोमवारच्या आत बोललो नाही तर तुला कुठेच कोणी दारात उभं करणार नाही, आणि ती डिस्क तू खरंच फेकून देशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

लोळ्या


१७ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही, आणि मी वाटही बघत नाहीये. पण शुक्रवारी तुला फोन आला तेव्हा या बाजूला काय चाललं होतं ते तुला माहीत असावं, म्हणून लिहितोय.

मी सकाळी मास्तरांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. शॉट माझा नाही, ज्या बाईला तुम्ही चोर म्हणालात तिचा आहे आणि ती माझी सख्खी बहीण आहे. मला वाटलं होतं ओरडतील. ते चक्क हसले. "बहीण होय! मग तसं सांग की. आत्ता लक्षात आलं." मी म्हटलं, काय लक्षात आलं? तर म्हणाले, "बहिणीला नोकरी लागावी म्हणून तू स्वतःवर घेतोयस. गुणी आहेस, पण असा खोटेपणा मला चालत नाही."

ताई, मी आयुष्यात एकदा खरं बोलायला गेलो आणि तेच कोणाला खरं वाटेना. मी शपथा घेतल्या. तुझे पाच आठवडे सांगितले, सॅक सांगितली, गुडघे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे तूच उठला होतास ना? मग झालं तर!" शेवटी हाडवैद्यला बोलावलं. ती म्हणाली, "वाद कशाला घालताय? बाईंनाच फोन लावा." तिने तुझ्या अर्जावरून नंबर काढला आणि मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मी समोर बसलो होतो. मास्तरांनी मला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं होतं.

तुझ्या मागे दवाखान्यातल्या रांगेचा गलका ऐकू येत होता. तू कोणाला तरी "एकवीस नंबर, आत जा" म्हणालीस. मग मास्तरांनी विचारलं, "तुमच्या रीलमधला पहिला शॉट, तो उठणारा पहारेकरी, कोणाचा आहे?"

तू लगेच बोलली नाहीस.

तू माझ्यासाठी किती वेळा खोटं बोललीस याचा हिशेब मी त्या वेळात करत होतो. शेजाऱ्यांची काच मी फोडली, "माझ्याकडून फुटली" तू म्हणालीस. माझ्या नापासाच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू ठोकलीस. मी कॉलेज बुडवून गेम खेळत बसायचो तेव्हा आईला "त्याचा अभ्यास चाललाय" तू सांगायचीस. मला वाटलं, आत्ताही ही तेच करणार. म्हणणार, "त्याचा आहे हो, चूक माझी झाली." आणि खरं सांगू? मनातून मी तेच मागत होतो. कबूल करायला गेलेला मी, टेबलापलीकडे बसून मनात म्हणत होतो, म्हण ताई, त्याचा आहे म्हण. माझी कबुलीही राहिली असती आणि नोकरीही. इतका मी अजून सुधारलेलो नाही.

मास्तरांनी पुन्हा विचारलं, "ऐकू येतंय ना? कोणाचा?"

"माझा," तू म्हणालीस.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "मग तो हुबेहूब आमच्या इथल्या मुलासारखा कसा काय उठतो?"

"उठलाय तो माझा भाऊच," तू म्हणालीस. "पण उठवलाय मी. रोजच्या फायली आहेत माझ्याकडे, पाच आठवड्यांच्या. आज दुपारी पाठवते." आणि पुढे, "आता ठेवू का? बावीस नंबर उभे आहेत."

पुढचं तुला अर्धं कळलंच आहे. फायली त्या संध्याकाळीच सगळ्यांनी बसून बघितल्या. स्टुडिओंना कुठलंही नाव गेलेलं नाही. तुझी टेस्ट आज पाठवतायत, चार दिवसांची आहे, जागा अजून रिकामी आहे. माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. मास्तर एवढंच म्हणाले, "तुला काढताना मला वाईट वाटतंय, पण तिला नाही म्हणताना वाटलं नव्हतं, त्याचं जास्त वाटतंय." मी टेबल आवरलं.

चौतीस वर्षांच्या माझ्या ताईने माझ्यासाठी खोटं बोलायला नकार दिला, हे पहिल्यांदाच झालं. तो फोन बंद झाला तेव्हा मनात पहिलं आलं, गेली नोकरी. मग जरा वेळाने वाटलं, बरं झालं. म्हणजे आता पुढचं मला माझं बघावं लागेल.

लोळ्या